दिवाळी अंकाच्या संकेतस्थळासाठी होस्टिंग कुणाकडून घ्यावं?

शाईदौत | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीहून एक छोटा दिवाळी अंक काढतो. सासऱ्यांनी सुरू केला, यंदाचं एकतिसावं वर्ष. संकेतस्थळ २०१२ पासून आहे. त्यावर जुन्या अंकांतले लेख-कथा-कविता वाचायला ठेवल्यात आणि गणपती झाले की नव्या अंकाची आगाऊ नोंदणी सुरू होते. एरवी दिवसाला दोनशे-अडीचशे लोक येतात. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हा आकडा सहा हजारांवर जातो.

गेल्या वर्षी वसुबारसेपासून धनत्रयोदशीपर्यंत साइट तीनदा बंद पडली. वाचकांना 'रिसोर्स लिमिट' असा काहीतरी संदेश दिसत होता. होस्टिंग कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं, एकोणीस तासांनी एका ओळीचं उत्तर आलं की वरचा प्लॅन घ्या. तोवर पैसे भरता भरता मध्येच अडकलेल्या पंचवीसेक वाचकांचे फोन मी घेत बसले होते. त्यातल्या काहींनी अंक घेतलाच नाही. आमच्यासारख्या अंकाला पन्नास प्रतीसुद्धा जड जातात.

आता जाहिराती गोळा करायचं काम सुरू झालंय, तेव्हा हे आत्ताच मार्गी लावायचं आहे. चार पर्याय समोर आहेत.

एक, आहे तिथेच वरचा शेअर्ड प्लॅन. दोन, व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला भाग, कंपनीनेच सांभाळलेला. तीन, दुकान थाटून देणारा तयार प्लॅटफॉर्म, महिन्याचं भाडं भरायचं. चार, इथलीच एक एजन्सी, वर्षाला ४८ हजार, 'ताई, तुम्ही फक्त अंक काढा, बाकी सगळं आम्ही बघतो' असं म्हणते.

मला कोडिंग येत नाही. वर्डप्रेसमध्ये लेख चढवणं, चित्रं लावणं एवढं जमतं. काय बघून निवडावं?

घाटमाथा | ८ जून, रात्री १०:१५

ताई, चारही कोटेशनं बाजूला ठेवा आणि आधी एक गोष्ट तपासा. डोमेन कुणाच्या नावावर आहे?

होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. ती उद्या बदलता येते. डोमेन मात्र तुमचा पत्ता आहे, आणि तो दुसऱ्याच्या खात्यात असेल तर तुम्ही कितीही चांगला सर्व्हर घ्या, पाटी कुठे लावायची ते तो दुसरा ठरवणार. ज्या रजिस्ट्रारकडे डोमेन नोंदवलंय तिथलं लॉगिन तुमच्याकडे आहे का? खात्याला जोडलेला ईमेल आणि मोबाइल तुमचा आहे का? आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा तुम्हाला मिळणार नाही.

शाईदौत | ८ जून, रात्री १०:५२

लॉगिन नाही. साइट ज्या मुलाने केली त्याच्या खात्यात आहे. तो आता बंगळुरूला नोकरी करतो. दर वर्षी तोच रिन्यू करतो आणि मी त्याला पैसे पाठवते. माणूस चांगला आहे, कधी अडवलं नाही.

घाटमाथा | ८ जून, रात्री ११:०५

चांगला आहे म्हणून आत्ताच करून घ्या. उद्या त्याचं कार्ड बदललं, तो परदेशी गेला, ईमेल बदलला, तर यात कुणाचीच चूक नसताना तुमचं नाव जाईल. त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडून तिथल्या तिथे डोमेन सरकवता येतं, ते सर्वांत सोपं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर ट्रान्सफर कोड लागतो, आणि डॉट कॉमसारख्या डोमेनला जुना रजिस्ट्रार पाच दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतो. नवीन नोंदणी किंवा नुकतीच बदली झाली असेल तर साठ दिवस कुलूप असतं. दिवाळी तोंडावर आल्यावर हा उद्योग करायचा नाही.

मिहिका_प | ८ जून, रात्री ११:३०

याला दुजोरा. माझ्या वडिलांच्या दवाखान्याचं डोमेन असंच तिसऱ्याच्या खात्यात होतं आणि मुदत संपली ते आम्हाला कळलंच नाही. सुरुवातीच्या सवलतीच्या दिवसांत नेहमीच्या भावात परत मिळतं. ते उलटले की तीस दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ येतो आणि त्यात वेगळा मोठा आकार लागतो. आम्ही तो भरला. दोन आठवडे त्या पत्त्यावरचे ईमेलही बंद होते, रुग्णांचे रिपोर्ट कुठे गेले कुणास ठाऊक.

रात्रपाळी | ९ जून, पहाटे ३:१० (संपादित)

मी पुण्यात एका होस्टिंग कंपनीच्या सपोर्टला अकरा वर्षं आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही, कुणाची शिफारसही करणार नाही. आतून काय दिसतं ते सांगतो.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो खाती. एकाने सगळं खाऊ नये म्हणून प्रत्येक खात्याला मर्यादा लावलेल्या असतात: प्रोसेसर किती, मेमरी किती, एका वेळी किती प्रोसेस, एकूण फाइली किती. जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहितात ते डिस्कच्या जागेबद्दल किंवा बँडविड्थबद्दल. या मर्यादा नियमांच्या पानावर खाली कुठेतरी असतात. ताईंच्या वाचकांना दिसला तो संदेश बहुधा याच मर्यादेचा, ५०८ क्रमांकाची एरर. सर्व्हर चालूच होता, तुमच्या खात्याचा वाटा संपला होता.

आता आकडेमोड करू. दिवसाला सहा हजार भेटी सोळा तासांत वाटल्या तर मिनिटाला साधारण सहा पडतात. संध्याकाळच्या गर्दीत दहापट धरा, तरी सेकंदाला एक. हे काही फार नाही. मग खातं का दमलं? कारण वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी तेच पान डेटाबेसमधून पुन्हा नव्याने तयार करतं, आणि त्या पानावर तीस-चाळीस चित्रं असतील तर तितक्या वेगळ्या मागण्या येतात. ताई, मुखपृष्ठांची चित्रं किती मोठी आहेत?

जुने लेख तर बदलत नाहीत. ते पान एकदा तयार करून ठेवलं, म्हणजे कॅश केलं, की पुढच्या हजार वाचकांना तेच देता येतं. चित्रं क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवून वाचकाला जवळून देणाऱ्या सेवेवर, गेली की तुमच्या सर्व्हरवरचा भार आणखी उतरतो. त्यांचा फुकट प्लॅन तुमच्यासारख्या साइटला पुरतो. नोंदणीचं आणि पैसे भरायचं पान मात्र कॅश करायचं नाही, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसायचा. खरी ताकद लागते ती त्या एकाच पानाला.

म्हणजे 'वरचा प्लॅन घ्या' हे उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. चांगल्या सपोर्टने तुमचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून कोणतं पान भार टाकतंय ते सांगायला हवं होतं. आमच्याकडे तिकीट किती मिनिटांत बंद झालं हे मोजतात, प्रश्न सुटला का हे क्वचितच मोजतात. म्हणून विकत घेण्याआधी शनिवारी रात्री दोन वाजता प्रत्येक कंपनीला एक खरा तांत्रिक प्रश्न पाठवा. उत्तर कधी आलं यापेक्षा त्या माणसाने तुमचा प्रश्न वाचला होता का ते बघा.

शाईदौत | ९ जून, सकाळी ९:००

मुखपृष्ठं चित्रकारांकडून येतात तशीच चढवली आहेत. आत्ता बघितलं, चार-चार एमबीची आहेत. पहिल्याच पानावर अकरा.

रात्रपाळी | ९ जून, सकाळी ९:२०

म्हणजे मोबाइलवरून येणारा प्रत्येक वाचक पहिल्या पानालाच ४४ एमबी उतरवतोय. ती दोनशे केबीच्या आत आणा. मूळ प्रती घरच्या डिस्कवर जपून ठेवा, चित्रकाराचं काम आहे ते.

सह्यकडा | ९ जून, दुपारी १२:४५

इतका विचार कशाला? सरळ साधा व्हीपीएस घ्या. मुंबई किंवा बंगळुरूत सर्व्हर मिळतो, महिन्याला हजाराच्या आत, मशीनचा तुमचा वाटा पूर्ण तुमच्या ताब्यात. मी माझ्या पाच साइट अशाच चालवतो. साइट सुरक्षित (एचटीटीपीएस) उघडावी म्हणून लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, आपोआप नवं होतं. एजन्सीला ४८ हजार देणं म्हणजे पैसे पाण्यात.

रात्रपाळी | १० जून, पहाटे २:३०

सह्यकडा, तुम्हाला ते येतं म्हणून स्वस्त पडतं. साध्या व्हीपीएसमध्ये कंपनी मशीन चालू ठेवते, बस. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, फायरवॉल, डेटाबेस, बॅकअप हे सगळं मालकाचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लॉगने डिस्क भरली आणि डेटाबेस थांबला तर ताईंनी काय करायचं? मला असे फोन येतात आणि 'हे आमच्या कक्षेत येत नाही' एवढंच सांगायची मुभा असते. समोरचा माणूस रडकुंडीला आलेला असतो.

सांभाळलेला, म्हणजे मॅनेज्ड, घेतला तरी 'मॅनेज्ड'मध्ये काय काय धरलंय ते लिहून घ्या. काही जण फक्त ऑपरेटिंग सिस्टीम बघतात. वर्डप्रेसचं प्लगिन, म्हणजे वरून बसवलेला जोड-भाग, फुटलं तर हात वर करतात.

आणखी एक. भारतात व्हीपीएस घेताना ओळखपत्र, पत्ता वगैरे मागतील. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे ग्राहकाची माहिती पाच वर्षं ठेवणं त्यांना भाग आहे. त्याने बिचकू नका.

सह्यकडा | १० जून, सकाळी १०:१०

मान्य. सांभाळणारं माणूस नसेल तर साधा व्हीपीएस नको. माझं म्हणणं जागेपुरतं: सर्व्हर भारतात असावा, वाचक इथलेच आहेत.

हातमाग_कला | १० जून, दुपारी ३:२०

तिसऱ्या पर्यायाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी चार वर्षं साड्या अशाच तयार प्लॅटफॉर्मवर विकते. साइट पडण्याची, अपडेटची काही चिंता नाही, सणाला कितीही गर्दी येवो. विक्री एवढंच काम असेल तर मी डोळे मिटून तेच सांगेन. पण ताई, तुमचे लेख? उत्पादनांची यादी आणि ग्राहकांची यादी फाइलमध्ये बाहेर काढता येते. पानांची मांडणी, सजावट तिथलीच राहते. बारा-तेरा वर्षांचं साहित्य तिथे नेलं तर बाहेर काढताना फार त्रास होईल असं वाटतं.

राइनकाठ | १० जून, रात्री ११:५५

मी जर्मनीत कार्ल्सरूहला असतो. नदीच्या वरच्या अंगाला, फ्रान्सच्या बाजूला स्ट्रासबुर्ग आहे. १० मार्च २०२१ च्या पहाटे तिथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पूर्ण इमारत जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला आणि लाखो साइट एका रात्रीत बंद झाल्या. सकाळी कंपनीच्या संस्थापकाने ग्राहकांना जाहीर सांगितलं की तुमची आपत्ती-योजना अमलात आणा. तेव्हा कित्येकांच्या लक्षात आलं की आपल्याकडे अशी योजनाच नाही. काहींनी तर पैसे भरून बॅकअप घेतला होता, पण तो ठेवला होता त्याच आवारात. एक प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एका व्यापारी न्यायालयाने कंपनीला एक लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. निकाल लागेपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली होती.

आग हे टोकाचं उदाहरण झालं. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रामरांचं कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्या वेळी एकही नीट कामी आली नाही. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर ते तरले. हे सगळं त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं, याचा मला आदर वाटतो.

तेव्हा शाईदौत ताई, प्रत्येक कंपनीला 'बॅकअप आहे का' हे विचारू नका, सगळे 'हो' म्हणतील. विचारा: कुठे ठेवता, किती दिवसांचे ठेवता, मला स्वतःला तो उतरवून घेता येतो का, आणि परत बसवून दाखवायचे किती पैसे? यातलं तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. पूर्ण प्रत दर आठवड्याला तुमच्या सांगलीच्या घरात आली पाहिजे.

शाईदौत | ११ जून, सकाळी ११:००

किती नीट समजावताय सगळे! एजन्सी '९९.९ टक्के अपटाइमची हमी' म्हणते आणि त्यावर खूप भर देते. याचा अर्थ काय धरायचा?

राइनकाठ | ११ जून, दुपारी १:१५

वर्षाचे ८,७६० तास. त्याचा ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ साइट बंद राहिली तरी हमी पाळली गेली. ९९.५ म्हणत असतील तर जवळजवळ ४४ तास. आता ते पावणेनऊ तास धनत्रयोदशीला एकदम आले तर? शिवाय हमी मोडली तर काय मिळतं ते वाचा. बहुतेक ठिकाणी पुढच्या बिलात थोडी सूट. तुमच्या बुडालेल्या प्रतींचा हिशेब त्यात नसतो. आणि 'ठरवून केलेली देखभाल' यातून वगळलेली असते. ती दिवाळीच्या पंधरवड्यात करणार नाही, एवढं तरी लेखी घ्या.

हिशेबनीस | ११ जून, रात्री ८:३०

पैशांच्या बाजूने थोडं.

पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा भाव विचारा. दोन-तीनपट असू शकतो. तीन वर्षांची बेरीज करून चारही पर्याय शेजारी ठेवा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. छापील अंकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, म्हणून त्या भागापुरता इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावटही, मिळत नाही, तो सरळ खर्चच. जाहिरातींचा भाग वेगळा, तो तुमच्या सीएला विचारा.

परदेशी कंपनी असेल तर कार्डातून आपोआप पैसे जातील यावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीला आधी परवानगी नोंदवावी लागते, आणि सध्या १५ हजारांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. कार्ड नाकारलं गेलं, सूचनेचा ईमेल स्पॅममध्ये गेला आणि खातं बंद झालं, असं माझ्या दोन अशिलांचं झालंय. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

आणि वर्गणीदारांची नावं-पत्ते-फोन तुमच्याकडे आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे तुमची आहे. काम होस्टिंग कंपनीकडून करून घेतलं तरी ती सुटत नाही.

मुद्रितशोधक | १२ जून, सकाळी ६:५०

सगळ्यांनी महत्त्वाचं सांगितलं, पण मराठी साइट हलवताना जे खरं नुकसान होतं ते राहिलं.

मजकूर. मी एका नियतकालिकाचा संग्रह हलवताना पाहिलाय. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. जुना डेटाबेस 'लॅटिन-१', म्हणजे फक्त रोमन अक्षरांसाठीची जुनी पद्धत, म्हणून नोंदवलेला असेल आणि हलवणाऱ्याने लक्ष दिलं नाही, तर दोनपैकी एक घडतं. एक म्हणजे सगळीकडे डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं दिसतात. घाबरू नका, त्यात मूळ बाइट शाबूत असतात, जाणकार माणूस ते सोडवू शकतो. दुसरं म्हणजे मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तिथे मूळ अक्षर गेलेलं असतं. ते कुठल्याही हुशारीने परत येत नाही, फक्त आधीच्या बॅकअपमधून येतं.

नव्या ठिकाणी डेटाबेस 'युटीएफ-८ एमबी-४', म्हणजे युटीएफ-८ची पूर्ण आवृत्ती, हवा. आणि हलवून झाल्यावर मुख्यपृष्ठ दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही. मुद्दाम अवघड शब्द शोधून बघायचे: तऱ्हेवाईक, कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या. हा अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो, जुन्या लेखांत एक आणि नव्यांत दुसरी असेल तर शोधात अर्धे लेख सापडणारच नाहीत. 'ॲ'चंही तसंच, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या सवयीने टंकलेल्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र असं जोडलेलं असतं.

कोटेशन देणाऱ्या चौघांना हा एक प्रश्न विचारा. जो 'त्यात काय, होऊन जाईल' म्हणेल त्याच्या हाती संग्रह देऊ नका.

घाटमाथा | १२ जून, सकाळी ९:४०

यात जोड: हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी धरून ठेवायचा वेळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवायला सांगा, म्हणजे काही बिनसलं तर लगेच जुन्या जागी परत येता येतं. जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा. ईमेल त्याच डोमेनवर असेल तर त्याच्या नोंदी विसरू नका.

आणि सगळ्यांना एकच पत्र लिहा: 'वर्षभराने आम्हाला सोडून जायचं ठरलं तर तुम्ही आम्हाला काय काय, किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात द्याल?' मी गेली कित्येक वर्षं लोकांना याच एका उत्तरावरून निवडायला सांगतो. आत येताना सगळेच पायघड्या घालतात.

शाईदौत | २१ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, उशिरा लिहितेय, पण काम झालं म्हणून लिहितेय.

घाटमाथांचं पत्र चौघांना पाठवलं. सध्याच्या कंपनीने छापील उत्तर पाठवलं, त्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेखच नव्हता. प्लॅटफॉर्मवाल्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की याद्या मिळतील, लेखांची मांडणी मिळणार नाही. एजन्सीचे गृहस्थ घरी आले, चहा झाला, सगळं गोड बोलणं झालं, आणि करारात डोमेन 'व्यवस्थापनाच्या सोयीसाठी' त्यांच्या नावावर करायचं कलम निघालं. मी ते काढायला सांगितलं. ते म्हणाले, आमचे सगळे ग्राहक असंच करतात. तिथे विषय संपला.

मॅनेज्ड व्हीपीएस घेतला, सर्व्हर मुंबईत. शनिवारी रात्री दोनला पाठवलेल्या प्रश्नाला पावणेतीनला उत्तर आलं होतं, आणि त्या मुलीने उलट लिहिलं होतं की तुमच्या डेटाबेसमधल्या टेबलांचं कोलेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचा नियम, काय आहे ते आधी बघून सांगते. मुद्रितशोधक, तुमचाच प्रश्न होता तो! 'मॅनेज्ड'मध्ये काय येतं त्याची यादी लेखी घेतली. प्लगिनचे अपडेट येतात, नवीन काही बांधून देणं येत नाही. तीन वर्षांची बेरीज एजन्सीच्या निम्म्याहून थोडी कमी आहे.

डोमेनसाठी बंगळुरूच्या मुलाला फोन केला. त्याला उलट हायसं वाटलं. म्हणाला, 'काकू, दर वर्षी मलाच धाकधूक असायची.' होस्टिंग एका कंपनीकडे आणि डोमेन दुसऱ्याकडे, माझ्या नावावर. दर रविवारी पूर्ण प्रत घरच्या डिस्कवर उतरते, आणि दुसरी डिस्क नणंदेकडे मिरजेला आहे.

गेल्या आठवड्यात त्या प्रतीतून सगळं वेगळ्या जागी उभं करून बघितलं. एकूण १,१४० नोंदी, दोन्हीकडे तेवढ्याच भरल्या. मग रात्री बसून एकेक लेख उघडत गेले. ३७ लेख प्रश्नचिन्हांनी भरलेले निघाले. नव्या कंपनीने तपासून सांगितलं की हे आत्ताचं नाही, २०१६ मध्ये सर्व्हर बदलला तेव्हाचं आहे. इतकी वर्षं ते लेख तसेच होते आणि आम्हाला कळलं नाही. त्यात एका लेखिकेच्या शेवटच्या दोन कथा आहेत, त्यांच्या मुलीला मी लिंक पाठवली होती. त्या वेळचा बॅकअप कुणाकडेच नाही. छापील अंक मात्र माळ्यावर आहेत, सगळे. बसून पुन्हा टंकायचं ठरवलंय, गणपतीपर्यंत होईल तितकं.

मुद्रितशोधक | २२ जुलै, सकाळी ६:३५

त्यातले दहा माझ्याकडे पाठवा. पानांचे फोटो चालतील, फक्त शिवणीकडचा मजकूर कापला जाणार नाही असे काढा. त्या दोन कथा आधी.

मिहिका_प | २२ जुलै, सकाळी ८:१०

मी पाच घेते. शनिवार-रविवार मोकळी आहे.